बेताचा कुत्रा

कुत्रा हवा, पण लहान हवा. शांत हवा. त्यानं भुंकू नये, केस गाळू नयेत, दिवसभर एकटं राहावं लागलं तरी मन खट्टू करून घेऊ नये, आणि सोफा कुरतडायचाच झाला तर भिंतीकडच्या बाजूनं कुरतडावा. फ्लॅटात राहणारी माणसं कुत्रा शोधायला निघतात तेव्हा त्यांच्या मनात अशीच काहीशी मूर्ती असते. आमच्या लेकीनं या अटी वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक लिहून काढल्या आणि मला वाचायला दिल्या. मी त्या सलग वाचल्या तेव्हा जाणवलं, की या पानावर कुत्रा हळूहळू पुसट होत गेला आहे. पहिल्या ओळीत तो पुरता होता. पुढे त्याचा आवाज गेला, मग केस गेले, मग हट्ट गेले, आणि पानाच्या तळाशी पोचेपर्यंत नुसती एक शेपटी उरली, तीही बेतानं हलणारी.

या सगळ्या अटी पाळणारे चार कुत्रे तसे आमच्या घरात आहेतच. आईच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे. पाठीशी गाय, पायांशी चार कुत्रे. ते चार वेद आहेत असं म्हणतात, आणि वेदांना शोभेल इतके ते अबोल आहेत. वीतभर जागेत चौघं मावले आहेत, आजवर कुणाची चप्पल पळवलेली नाही, आणि गुरुवारी हाराच्या एखाद्या पाकळीवर ते खूश असतात. फ्लॅटसाठी याहून योग्य कुत्रे मिळणं अवघड. पण लेकीला पाचवा हवा आहे, आणि तो श्वास घेणारा. ‘दहावी झाल्यावर बघू,’ असं आम्ही तिला ती सहावीत असताना सांगितलं होतं. आईबाप असली वचनं काळाच्या भरवशावर देतात. काळ मात्र दहावीचा निकाल हातात घेऊन ठरल्या दिवशी दारात उभा राहतो. तेव्हापासून ठाण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर रोज रात्री जेवणं उरकली की श्वानशास्त्राचा वर्ग भरतो. शिक्षिका सोळा वर्षांची आहे. विद्यार्थी आम्ही तिघं, आणि त्यातली आई मागच्या बाकावर, म्हणजे दिवाणावर.

सुरुवात पगनं झाली, कारण पग आमच्या पिढीच्या ओळखीचा. २००३ साली हचच्या जाहिरातीत तो एका लहान मुलाच्या मागे मागे चालत गेला आणि मोबाइलचं नेटवर्क म्हणजे काय ते सगळ्या देशाला एकदम समजलं. नेटवर्क पुढे अनेकदा गेलं-आलं, कंपनीचं नाव बदललं, पग मात्र घराघरांत मुक्कामाला राहिला. तो फारसा भुंकत नाही हे खरं आहे. पण घोरतो. हे वाक्य लेकीनं मोठ्यानं वाचलं तेव्हा बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही; पण न पाहण्यातही एक प्रकारचं पाहणं असतं, आणि ते संसार जुना होईल तसं अधिक अचूक होत जातं.

मला स्वतःला पगच्या चेहऱ्याकडे फार वेळ बघवत नाही. ते नाक ऊन-पावसानं झिजून तसं झालेलं नाही. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून ते आत ढकललं आहे, कारण चपटा चेहरा आणि बटबटीत डोळे पाहिले की त्याला तान्हं मूल आठवतं. आता त्या मुलाला नीट श्वास घेता येत नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ नसतोच, तो धाप टाकून अंग गार करतो. आणि ज्याची श्वासाची वाटच अरुंद, त्यानं ठाण्यातला मे महिना कसा काढायचा? अनेक विमान कंपन्या अशा नाकाच्या कुत्र्यांना सामानाच्या कप्प्यातून न्यायला नकार देतात. त्याच्या शांतपणात स्वभाव किती आणि दमणूक किती, अशी शंका मला येत राहते. तरी या जातीचा इतिहास काही अगदीच मिळमिळीत नाही. नेपोलियननं १७९६ साली जोसेफिनशी लग्न केलं, तेव्हा पलंगावर तिचा फॉर्च्यून नावाचा पग आधीपासून झोपलेला होता आणि त्यानं पहिल्याच रात्री नवऱ्या मुलाच्या पायाचा चावा घेतला, असं सांगतात. पुढे अर्धा युरोप या माणसानं घेतला. पण स्वतःच्या पलंगावरची जागा त्याला मागून घ्यावी लागली, याचं मला पगच्या वतीनं समाधान वाटतं.

मग पॉमेरियन. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मध्ये टफीनं ऐन लग्नाच्या गडबडीत एक चिठ्ठी नेमक्या हातात नेऊन दिली आणि एका कुटुंबाचं भवितव्य बदललं. पोस्टखात्याला इतकं यश क्वचितच लाभलं असेल. त्यानंतर कितीतरी वर्षं मध्यमवर्गीय गॅलऱ्यांमध्ये कोल्ह्याच्या तोंडाचा, पांढऱ्याशुभ्र केसांचा एक कुत्रा गजांमधून जगावर भुंकत उभा असे. आम्ही सगळे त्याला पॉमेरियन म्हणायचो. बहुतेक वेळा तो इंडियन स्पिट्झ असायचा, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी तो त्याच्यावरही भुंकलाच असता. खरा पॉमेरियन याहून लहान. तोही एके काळी चांगला अंगापिंडानं होता. व्हिक्टोरिया राणीला १८८८ साली फ्लॉरेन्समध्ये असा एक लहान चणीचा कुत्रा आवडला, आणि राणीला जे आवडतं ते साम्राज्यात सगळ्यांना आवडू लागतं, तशी ती जात पुढे आकसत गेली. जानेवारी १९०१मध्ये राणी शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं आपल्या टुरी नावाच्या पॉमेरियनला जवळ आणायला सांगितलं, आणि तो तिच्या पलंगावर बसून राहिला. पृथ्वीच्या पाठीवर इतका मुलूख ताब्यात असलेल्या बाईला शेवटी फूटभर ऊब पुरली. लेकीनं हे वाचलं तेव्हा आम्ही सगळे थोडा वेळ गप्प झालो. मग ती पुढचं वाचू लागली: ‘भुंकण्याचं प्रमाण, खूप जास्त.’

याच राणीकडे लूटी नावाची आणखी एक कुत्री होती. १८६० साली इंग्रज-फ्रेंच सैन्यानं पेकिंगजवळचा बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटला, तिथे सापडलेल्या पिकिनीज कुत्र्यांपैकी ही एक. राणीला ती नजराणा म्हणून देण्यात आली आणि नाव ठेवलं लूटी. लुटीचा माल परत करण्याविषयी हल्ली पुष्कळ चर्चा चालते. पण चोरीच्या वस्तूला इतकं प्रामाणिक नाव दिल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही.

डाक्सहुंडवर बायकोचा जीव जडला होता. लांबुडकं अंग, आखूड पाय, सतत काहीतरी हरवल्यासारखा चेहरा. सोफ्याखाली सहज मावेल. पण त्याची कथा वाचली तेव्हा कळलं, की जर्मनीत त्याला बॅजर नावाच्या प्राण्याच्या शिकारीसाठी घडवलं गेलं. बॅजर जमिनीखाली बिळात राहतो, त्याच्या मागे हा आत शिरायचा आणि आतून भुंकायचा, वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला कुठे खणायचं ते समजावं म्हणून. म्हणजे मातीच्या थराखालून ऐकू जाईल असा आवाज त्या एवढ्याशा छातीत मुद्दाम भरून ठेवलेला आहे. आमच्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये सहा इंचांचा स्लॅब आहे. ल्हासा ॲप्सोचं तसंच. दिसायला तो पायपुसण्याइतका निरुपद्रवी, पण तिबेटच्या मठांमध्ये बाहेर भलेमोठे मॅस्टिफ आणि आत हा, अशी पहाऱ्याची वाटणी असे. त्याचं काम एकच, परकं कुणी आलं की वर्दी द्यायची. हजार वर्षांची नोकरी एका फ्लॅटात आला म्हणून तो कशी सोडील? त्यातल्या त्यात कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल खरोखरच मऊ स्वभावाचा, भुंकण्यात कंजूष आणि मांडीवर उदार. पण त्याच्या हृदयाची झडप लवकर बिघडते, हे त्या जातीचं घराण्यातलं दुखणं. तिथे मी लेकीला पान उलटायला सांगितलं. आणि आफ्रिकेतल्या काँगोकडचा बसेंजी, ज्याला न भुंकणारा कुत्रा म्हणतात, तो भुंकण्याऐवजी चक्क आलाप घेतो. शेजारी शास्त्रीय संगीताचे नाहीत.

या सगळ्या अभ्यासातून एक चमत्कारिक गोष्ट मात्र कळली. कुत्र्याची उंची आणि त्याचा आवाज यांचं प्रमाण बरेचदा उलटं असतं. ग्रेट डेन दिवसाचा बराचसा भाग झोपून काढतो. शर्यतीतला ग्रेहाउंड घरात आला की सोफ्यावर पसरतो आणि उठत नाही. लहान जागेसाठी लहान कुत्रा, हा आपला हिशेब जागेचा आहे, कुत्र्याचा नाही.

वर्गात आई बोलत नसे. तिला आमचं नीट ऐकूही येत नसावं. पण एका रात्री लेकीनं तिच्याजवळ सरकून, मोठ्यानं, सगळ्या अटी वाचून दाखवल्या. आईनं शांतपणे विचारलं, ‘मग भुंकायचं कुणी?’

आईचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. घरासमोर शेणानं सारवलेलं खळं, आणि खळ्यात मोत्या. मोत्याची जात कुणाला ठाऊक नव्हती, खुद्द मोत्यालाही नसावी. उरलेला भात ताकात कालवून त्याला मिळे. तो पडवीपर्यंत यायचा; उंबरठा त्यानं जन्मात ओलांडला नाही आणि ओलांडावा असं कुणी सुचवलंही नाही. पण घरातल्या माणसांना बाहेरचं जग कळायचं ते त्याच्यामुळे. पोस्टमनसाठी त्याचं भुंकणं वेगळं, आणि त्यात थोडी ओळख असे. कौलांवर वानरं उतरली की वेगळं; त्यात संताप असे. पायरीवर किरडू दिसलं तर एका जागी खिळून, एकसुरी. आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, पण स्वयंपाकघरात विळीवर बसल्या बसल्या ती सांगायची की कोण आलंय, आणि बाहेर तेच माणूस उभं असे. वर्तमानपत्र त्या गावात चार दिवसांनी येई. मोत्या ताजा अंक होता.

थंडीतल्या एका रात्री तो जोरात भुंकू लागला आणि मध्येच थांबला. सकाळी खळ्यात नव्हता. कोकणात बिबट्या हाच वाघ, आणि वाघ दारातून कुत्रा उचलून नेतो हे लहान मुलांनाही माहीत असतं. आई हे सांगते तेव्हा आवाज चढवत नाही की डोळे पुसत नाही. नुसती म्हणते, ‘भुंकत होता तोवर आम्ही निर्धास्त निजलो होतो. गप्प झाला आणि सगळं घर जागं झालं.’ जिच्या लेखी कुत्र्याची शांतता म्हणजे ही, तिच्यासमोर आम्ही मुद्दाम गप्प राहणाऱ्या कुत्र्याचे गुण वाचत होतो.

त्यानंतर मी थोडं निराळं वाचायला लागलो. लांडगा फारसा भुंकत नाही. इशारा देण्यापुरतं एखादं आखूड, दबक्या आवाजातलं ‘भक्’, आणि पुन्हा गप्प. तो ओरडतो लांबून एकमेकांना हाका मारायला. पण तासन्‌तास, दिसेल त्यावर, निमित्त मिळेल तसं भुंकणं हे कुत्र्याचं, आणि कुत्रा झाला तो माणसाच्या सहवासात. म्हणजे त्याचा आवाज बऱ्याच अंशी आपल्या दाराशी वाढलेला आहे. कुणीतरी शेकोटीशी झोपलेलं असताना काळोखात काही हललं, जो आधी ओरडला त्याला हाडूक मिळालं, त्याची पिल्लं राहिली. जो गप्प बसला त्याची कुणी आठवण ठेवली नाही. लहानपणाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. कुत्र्याला लहान चणीचा करणारा जनुकातला जो बारीकसा फरक आहे, तो सैबेरियातल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या एका लांडग्यातही सापडला, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. तेव्हा पाळीव कुत्रा नव्हता, फ्लॅट तर नव्हताच. बर्फातून आपल्या टोळीबरोबर धावणाऱ्या त्या लांडग्याच्या रक्तात एक पर्समधला चिवावा निमूट बसून होता, आणि त्याला पत्ताही नव्हता. लहानपण त्यांनी आपल्याजवळ असलेलं दिलं. आवाज मात्र आपण त्यांच्याकडून घडवून घेतला, हजारो वर्षं, भाकरी मोजून. आता आपल्या दाराला सेफ्टी डोअर आहे, दाराला डोळा आहे, खाली वॉचमन आहे, आणि वॉचमनवर कॅमेरा आहे. तेव्हा आपण त्याला म्हणतो आहोत, की बाबा रे, तेवढा आवाज परत कर.

आणि कुणाच्या शांततेसाठी? आमच्या इमारतीचा दिवस मी एकदा कान देऊन ऐकला. पहाटे पंपाची मोटर. मग कुकर, एकामागून एक मजल्यावरचे, काकड आरतीसारखे. मिक्सर. बेलमध्ये कोंडलेली गायत्री, जी कुणीही बटण दाबलं की पहिल्या दोन ओळी म्हणून गुदमरते. मागे घेताना ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवणाऱ्या गाड्या. रविवारी दुपारी, जेव्हा सगळ्या सृष्टीला डुलकी लागलेली असते, तेव्हा कुणाच्या तरी भिंतीत शिरणारं ड्रिल. भाद्रपदाविषयी मी काही बोलत नाही, कारण ढोल-ताशा पथकात मी स्वतः होतो. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा ४५,०००च्या आसपास पोचतो. म्हणजे हे सगळं आपल्याला ऐकू येतं त्याहून अधिक त्याला ऐकू येणार. खरं तर शांत शेजाऱ्यांची यादी त्यानं आपल्याकडे मागायला हवी.

सोसायटीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये विचारलं, ‘ऐकलं की तुम्ही कुत्रा आणताय? आवाजाचं काय?’ न आलेल्या कुत्र्याच्या न झालेल्या आवाजाविषयी ते बोलत होते, आणि वरून, तीन मजले भेदून, आईच्या टीव्हीवरची मालिका आमच्या दोघांच्या डोक्यावर कोसळत होती. एक सासू सुनेला घराबाहेर काढत होती. आम्ही दोघंही ते ऐकू आलंच नाही असे उभे राहिलो. नियम मला पाठ होते: भारतीय पशुकल्याण मंडळानं २०१५च्या फेब्रुवारीत काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, आकारावरून नाही, भुंकण्यावरून नाही, बहुमतानंही नाही; लिफ्टही नाकारता येत नाही. पण सेक्रेटरी भला माणूस आहे, पाण्याचा टँकर बरोबर वेळेवर मागवतो. मी नुसतं म्हटलं, ‘शांतच आणतोय.’ जुन्या मुंबईकरांकडे याहून अधिक पाणी होतं. १८३२ साली कंपनी सरकारनं बेवारशी कुत्री मारायचा सपाटा लावला तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, कारण त्यांच्या धर्मात कुत्रा पवित्र, मृताचं अंतिम दर्शनही आधी तो घेतो. हिंदू, जैन, मुसलमानही त्यांच्यात मिळाले, बाजार बंद झाला, किल्ल्यातल्या गोऱ्या शिपायांचं पाव-पाणी अडलं. दोनच वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकारानं मुंबईत पांजरापोळ उभा राहिला. ज्या शहरानं कुत्र्यांपायी कंपनी सरकारची न्याहारी रोखली, त्याच्या शेजारच्या गावात मी लिफ्टमध्ये आवाजाची हमी देत होतो.

‘फाटकावरच्या काळ्याला का नाही आणत?’ हे बायकोनं सुचवलं. सूचना उत्तम होती. देशी कुत्रा आपल्या हवेत घडलेला, नाक लांब, तब्येत खणखणीत, कागदपत्रं शून्य. टाटांच्या बॉम्बे हाउसमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांना मुक्तद्वार आहे, २०१८ साली इमारतीचं नूतनीकरण झालं तेव्हा त्यांच्यासाठी खास खोलीही झाली. जे टाटांना चालतं ते आम्हाला न चालायला काय झालं? लेकीनं बिस्किटं दाखवत काळ्याला लिफ्टनं वर आणलं. त्यानं घर पाहिलं. हॉल पाहिला, स्वयंपाकघर हुंगलं, बेडरूमच्या दारातून आत डोकावला, गॅलरीत जाऊन खाली आपल्या फाटकाकडे बघितलं, अगदी जाणत्या गिऱ्हाइकासारखं. दत्ताच्या तसबिरीपुढे क्षणभर थांबला. मग दाराशी जाऊन बसला आणि दार उघडेपर्यंत बसून राहिला. जागा त्याला लहान पडली असावी. खाली त्याचं काम आहे, समोरच्या गल्लीशी जुनं वैर आहे, पार्क केलेल्या गाड्यांखाली सावलीच्या आठ-दहा खोल्या आहेत. एका वन बीएचकेसाठी तो हे सगळं का सोडील? अजूनही तो आम्हाला पाहून शेपूट हलवतो, पण त्यात थोडी सौजन्याची भर असते, नकार दिल्यावर माणसं हलवतात तशी.

या सगळ्यात आईच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं होतं. भुंकायचं कुणी? तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही, पण एकदा कुरिअरवाला फोनवर माझ्यावर वैतागला. घरी कुणी दार उघडत नाही, बेल वाजवून वाजवून थकलो. आई तर दिवसभर घरातच असते. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘बेल? वाजली नाही रे.’ मग, जरा थांबून, ‘वाजली असेल.’ दुपारी आम्ही तिघं बाहेर असतो, आणि तिचं कानातलं यंत्र डबीत असतं. ते घातलं की भांड्यांचा आवाज कानात शिरतो आणि माणसांचा तेवढा येत नाही, अशी तिची तक्रार. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की वयानं कान उतरतात ते वरच्या पट्टीपासून. बारीक, चिरके, उंच आवाज आधी जातात. बोलण्यातले स, श, फ गळतात आणि स्वर तेवढे उरतात. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही. आमचा रोज रात्रीचा वर्ग तिला तसाच ऐकू येत असणार. बेलमधली गायत्री गेलीच आहे. कुकरची शिट्टी ती वासावरून ओळखते. आम्ही जी शांतता कुत्र्याच्या अंगावर शोधत होतो, ती तिच्यापाशी हवी त्याहून फार जास्त साठलेली होती.

हे लेकीच्या ध्यानात माझ्या आधी आलं. वहीचं पान तिनं उलटलं आणि नवीन यादी सुरू केली. भुंकणारा हवा. पण लहान कुत्र्याचं चिरकं भुंकणं आजीला ऐकूच येणार नाही. म्हणजे आवाज खर्जातला हवा, म्हणजे छाती मोठी हवी, म्हणजे कुत्राच मोठा हवा. काही मिनिटांत आमच्या हॉलमध्ये अल्सेशियन, लॅब्राडॉर आणि मुधोळ हाउंड येऊन उभे राहिले. कर्नाटकातल्या मुधोळचा हा शिकारी कुत्रा आपल्याकडे कारवान म्हणून ओळखतात, आणि २००५ साली त्याचं टपाल तिकीट निघालं होतं. तिकिटावर तो छान मावला होता. आमच्याकडे त्याला वळायचं झालं तर शेपटीसाठी गॅलरीचं दार उघडावं लागेल. बायको म्हणाली, ‘सेक्रेटरींना काय सांगणार?’ मी म्हटलं, की मालिकेचा आवाज लपून जाईल, हा फायदा त्यांना पटेल.

मग लेकीला ब्रिटनमधल्या एका संस्थेविषयी सापडलं. ऐकू न येणाऱ्या माणसांसाठी तिथे १९८२पासून कुत्रे तयार करतात. दारावरची बेल, गजर, फोन, कुणी मारलेली हाक. कुत्रा ते ऐकतो आणि मालकाला सांगायला येतो. आणि सांगतो कसं? भुंकत नाही. जवळ येऊन पंजा लावतो, नाहीतर नाकानं ढोसतो, आणि मग आवाजाकडे घेऊन जातो. आगीची घंटा असेल तर पंजा लावून तिथेच जमिनीवर आडवा होतो, म्हणजे धोका आहे हे समजावं. लहान-मोठे सगळ्या आकारांचे कुत्रे हे शिकू शकतात. लेकीनं दिवाणावर चढून, आजीच्या कानाशी तोंड नेऊन, खालच्या पट्टीत, एकेक शब्द सुटा करून हे सगळं तिला सांगितलं. सांगताना तिनं आपला हात आजीच्या गुडघ्यावर दोनदा ठेवून दाखवला.

आईनं गुडघ्याकडे पाहिलं. ‘म्हणजे बेल वाजली की शिवणार?’

‘हो.’

‘घरात येऊन? उंबरठ्याच्या आत?’

‘आजी, उंबरठा कुठाय आपल्याला?’

आईनं दाराकडे नजर टाकली. तिथे टाइल्सची एक पट्टी आहे, रांगोळीच्या स्टिकरनं झाकलेली. ती बराच वेळ हिशेब करत राहिली. ओठ हलत होते. कुत्र्यानं शिवलं की तिच्या माहेरी न्हाणीघराची वाट धरावी लागे, आणि आमच्याकडे पाणी सकाळी दोन तास, संध्याकाळी एक. दूधवाला, कचरेवाली, इस्त्रीवाला, पेपरचं बिल, वरच्या मजल्यावरच्या वाटीभर साखरेची ये-जा. मग तिनं दिवाणाच्या पायाशी, जिथे काहीच नव्हतं तिथे, बोट रोखलं आणि बजावलं:

‘दूधवाल्याला मला उठवायचं नाही, त्याची वेळ मला ठाऊक आहे. कचरेवाली थांबते. कुरिअरचं तेवढं सांगत जा. आणि पाय पुसून ये.’